खाटेवरून दिसलेला रस्ता

चनबसप्पांनी चाळीस वर्षं हत्ती काढले. मोर काढले, कमळंही काढली, पण त्यांच्या कारखान्याच्या चादरीला काठाने हत्तींची रांग असायची आणि तो हत्ती सोंडेपासून शेपटीपर्यंत त्यांच्या हातचा होता. अक्कलकोट रोडवरच्या त्या कारखान्यात ते सतराव्या वर्षी निंगप्पा मास्तरांच्या हाताखाली नक्षी शिकायला लागले. पहिला हत्ती त्यांनी चौकटीच्या कागदावर असा सुबक उतरवला, की जत्रेत उभा केला असता तरी लोकांनी केळं पुढं केलं असतं. मास्तरांनी त्या कागदावरून मागाच्या नक्षी-कार्डांना भोकं पाडून घेतली आणि माग चालू केला. चादरीवर जे उतरलं ते बघून सगळं खातं हसलं.

"हत्ती न्हाय रे हा. उंटाला सोंड लावलास तू."

मग मास्तरांनी त्यांना चादर हातात धरायला लावली. उभे धागे दाट, आडवे विरळ. कागदावरचा चौकोन चादरीवर गेला की उभट होतो. म्हणून कागदावर हत्ती बुटका काढायचा, रुंद काढायचा, बघणाऱ्याला हसू येईल असा फुगीर काढायचा. विणून झाल्यावर तो नीट उभा राहतो.

"कागदाला खोटं सांग," मास्तर म्हणाले, "तवा चादर खरं बोलंल."

पुढं कारखान्यात कॉम्प्युटर आला. बरोबरीचे नक्षीवाले घरी गेले. चनबसप्पांनी पन्नाशीत माऊस धरला. इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण आकडे सगळ्या भाषांत तेच असतात म्हणून ते टिकले. मग कारखानाच बंद झाला. तोवर चाळीस वर्षं कागदावर वाकलेली कंबर गेली होती, मान मागं वळायची बंद झाली होती. साखर पेठेतल्या दोन खोल्यांच्या घरात बाहेरच्या खोलीत त्यांची खाट आली. त्यांची बायको विजयमाला मागच्या खोलीत कडक भाकरी थापायची, त्या भाकरी पुण्या-मुंबईला जायच्या. दिवसभर थापण्याचा आवाज ऐकत अप्पा छताकडं बघत पडायचे.

लग्नानंतर खूप वर्षांनी झालेली एकच मुलगी, भार्गवी. तिला गाड्यांचं वेड होतं. घरात साधी सायकल नव्हती, हे वेड कुठून आलं ते सिद्धेश्वरालाच माहीत. कॉलेजात असताना तिने गल्लीतल्या पोरांच्या शिकवण्या घेतल्या आणि दोन वर्षांत एक एक वस्तू जमवली. नव्या पेठेत कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या भीमाशंकरने तिला कुठल्याशा ऑफिसातून निघालेले तीन पडदे मिळवून दिले. भंगारातून एका मारुती गाडीची पुढची सीट आली. वेल्डरने ती लोखंडी चौकटीवर बसवली. पुढं स्टिअरिंग, खाली पायाला ब्रेक आणि ॲक्सिलेटर. एक पडदा समोर, दोन बाजूंना आत वळवलेले, दाराच्या झडपांसारखे. त्यात बसून ती शर्यतीचा खेळ खेळायची. खेळ म्हटलेलं तिला आवडत नसे. ती "चालवते" म्हणायची.

अव्वा, म्हणजे तिची आई, रोज फरशी पुसायला ती चौकट सरकवायची, म्हणून भार्गवीने चौकटीच्या चार पायांखाली नेलपॉलिशने चार लाल फुल्या केल्या होत्या.

"फुलीवरच ठेवायचं अव्वा. बोटभर सुद्धा इकडं तिकडं नको."

"देवाचा पाट न्हाय तो."

"त्याहून जास्त आहे."

अव्वाची शिवणाची टेप घेऊन तिने सीटवर बसल्यावर डोळा कुठं येतो ते बघितलं, तिथून मधल्या पडद्यापर्यंतचं अंतर मोजलं आणि तो आकडा खेळात भरला. बासष्ट. हे सगळं अप्पा खाटेवरून बघत होते. मापाचं काम कुणी मनापासून करत असलं की त्यांना बरं वाटायचं.

पण चित्र बिघडलेलं होतं.

खाट डाव्या अंगाला, सीटच्या मागं होती. तिथून उजवा पडदा त्यांच्या तोंडासमोर यायचा. रस्ता मधल्या पडद्यावर नीट असायचा आणि बाजूच्या पडद्यावर गेला की ताणायला लागायचा. झाडं आडवी पसरायची. दुसरी गाडी शेजारून मागं पडता पडता रबरासारखी लांब व्हायची. एका वळणावर पिवळ्या डगल्यातला एक माणूस निशाण घेऊन उभा असे. लांबून तो बरा दिसे, बारीक, सरळ. गाडी जवळ गेली की तो उजव्या पडद्यावर यायचा आणि फुगायचा. खांदे पसरायचे, डोकं भोपळ्याएवढं व्हायचं, आणि तसाच चेपून तो कडेला नाहीसा व्हायचा. दर फेरीला. दिवसातून पन्नास वेळा अप्पांनी त्या माणसाचे हाल बघितले.

"भार्गू, तो माणूस फुगतोय बघ."

"कुठला माणूस?"

"निशाणवाला. तुझ्या यंत्रात खोट हाय. ताणा-बाणा जुळत न्हाय."

ती हसायची. "अप्पा, चित्र माझ्या डोळ्याच्या मापानं मांडलंय. खाटेवरून तसंच दिसणार. एकदा हितं बसून बघा की."

"आता या कमरेनं त्या डब्यात बसू का मी?"

"मी धरते. दोन मिनिटं."

"ऱ्हाऊ दे."

असं तीनचारदा झालं. ते बसले नाहीत. कंबर हे कारण होतंच. पण म्हाताऱ्या माणसाने पोरीच्या खेळण्यात बसायचं, आणि खिडकीतून गल्लीने बघायचं, हेही होतं.

दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये भार्गवी एका मोठ्या शर्यतीच्या शेवटच्या फेरीत पोचली. शर्यत घरूनच, याच पडद्यांवर. देशभरातली पोरं आपापल्या घरातून त्यात उतरणार होती. पहिल्या आठांना कोइमतूरला नेऊन खऱ्या गाडीत, खऱ्या रस्त्यावर शिकवणार होते. एकविशीच्या आतल्यांसाठीच होतं ते. भार्गवीला जूनमध्ये एकविसावं लागत होतं. आदल्या दिवशीच्या चाचणीत ती सहावी आली.

त्या आठवड्यात जेवताना अप्पा एकदा म्हणाले होते, "पोरीनं येवढ्या लांब जाऊन गाड्या पळवायच्या म्हणजे..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. पुढं काय म्हणायचं ते त्यांनाही माहीत नव्हतं. अव्वाने ताटात आमटी वाढली आणि विषय गेला.

शर्यतीच्या दिवशी भार्गवीची कॉलेजात तोंडी परीक्षा होती. शर्यत संध्याकाळी सहाला. अव्वा बचत गटाच्या बैठकीला गेली. घरात अप्पा एकटे, समोर तीन काळे पडदे. त्यांच्या डोळ्यासमोर तो पिवळ्या डगल्यातला माणूस आला. आज पोरीच्या आयुष्याचा दिवस आणि ती असलं ताणलेलं चित्र घेऊन बसणार. कागद चुकलाय, आणि तिला कुणी सांगणारा नाही. निंगप्पा मास्तर गेले. आता हे काम जाणणारा घरात एकच माणूस होता.

ते भिंतीला धरून उठले. शिवणाच्या खणातून टेप काढली. एक टोक उशीवर, जिथं त्यांचं डोकं असे तिथं, दाभणाने खोचलं आणि टेप सीटच्या वरून ओढत मधल्या पडद्याला लावली. एकशे अठ्ठेचाळीस. दोनदा मोजलं. मग चौकटीशेजारी उभं राहून कॉम्प्युटर चालू केला. भार्गवीला शंभरदा बघितलं होतं, चाकाचं चित्र, मग तिसरी ओळ, मग आकडा. बासष्ट पुसला, एकशे अठ्ठेचाळीस भरला. मग ती लावायची तसं तिच्याच जुन्या फेरीचं चित्र लावलं, आणि खाटेवर आडवं होऊन बघितलं. निशाणवाला उभा होता. अगदी हुबेहूब नाही, पण माणूस झाला होता. खांदे खांद्यांएवढे, डोकं डोक्याएवढं.

किती वर्षांनी त्यांना काम नीट झाल्यासारखं वाटलं. कॉम्प्युटर बंद करून त्यांनी टेप खणात ठेवली. पोरीला सांगायचं नाही, तिला आपोआप दिसू दे, असं ठरवलं.

भार्गवी आली तेव्हा सहाला पाच मिनिटं कमी होती. तोंडी परीक्षा लांबली, मग सात रस्त्याला रिक्षा मिळेना. चप्पल दारात उडवून ती सीटवर बसली, हेडफोन चढवला, शर्यतीत शिरली आणि म्हणाली, "अरे!"

एवढंच. शिरल्यावर आकडा बदलता येत नाही, हे अप्पांना माहीत नव्हतं. तिच्या सीटवरून आता सगळं अंगावर आल्यासारखं दिसत होतं, नळीतून बघावं तसं. बाजूला कोण आहे ते दिसत नव्हतं. वेग किती ते कळत नव्हतं. अप्पांना मात्र चित्र कधी नव्हे इतकं सरळ दिसत होतं. पहिलं वळण आलं. पिवळ्या डगल्यातला माणूस नीट, ऐटीत, निशाण धरून उभा होता, आणि त्याच्या शेजारच्या भिंतीवर भार्गवीची गाडी सरळ जाऊन आदळली.

ती एकोणिसावी आली.

तिने हेडफोन काढला. मग तिने आकडे भरायचं पान उघडलं, आकडा बघितला. अप्पांना तिची फक्त पाठ दिसत होती.

"अप्पा, ह्याला कुणी हात लावला होता का?"

सांगायला तोंड उघडलं होतं त्यांनी. पण आपलं हे मापाचं काम म्हणजे नेमकं काय झालं, ते त्यांना त्या एका क्षणात समजलं, आणि जीभ भलतीकडं गेली.

"न्हाय बा. मी तर झोपलो होतो. ते अपडेट का काय म्हणतीस, त्यानं झालं असंल."

"असेल," भार्गवी म्हणाली. तिने बटण बंद केलं. त्यानंतर ती त्या सीटवर कधी बसली नाही.

परीक्षा झाल्या. बँकेची परीक्षा दिली, पास झाली, करमाळ्याच्या शाखेत लागली, तिथंच खोली घेऊन राहिली. महिन्या-दोन महिन्यांनी येई, एक रात्र राही. दुपारच्या सुट्टीत रोज फोन करी तो अव्वाला. अप्पांशी बोले ते पाहुण्याशी बोलावं तसं, "औषध घेतलं का", "पाणी आलं होतं का". अप्पा "व्हय" म्हणत. आपण केलं ते तिला माहीत नाही आणि तरी ती दुरावली, याचा अर्थ पोर खचली, असं ते स्वतःला सांगत. सांगून टाकावं असं त्यांना रोज वाटे. रोज वाटे, की आता सांगून तिला काय मिळणार.

या पावसाळ्यात एका बुधवारी अव्वा भाकरी थापता थापता म्हणाली, "भार्गू म्हणतीय ते पडदे-बिडदे काढून टाका. भीमाशंकर रविवारी न्यायला येतोय."

"हं."

"जागा तर मोकळी व्हईल. दोन वर्षं झाली, भुतासारखं बसलंय ते."

दुसऱ्या दिवशी अव्वा पिठाच्या गिरणीत गेल्यावर अप्पा उठले. चौकट फुल्यांवरच होती, अव्वाने पुसताना एकदाही चुकवलं नव्हतं. सीटचा पत्रा धरून, आधी एक पाय, मग दुसरा, असं करत ते आत उतरले. कमरेतून कळ मस्तकात गेली. सीट खोल होती, पोरीच्या अंगाने दबलेली. त्यांनी यंत्र चालू केलं. आकडा तोच होता, एकशे अठ्ठेचाळीस. रस्ता छातीवर आला. दोन्हीकडं काहीच नाही, जणू घोड्याच्या डोळ्यांना झापडं लावलीत. असं बघत ती त्या दिवशी सगळी शर्यत चालवत होती. मध्येच सोडून उठली नव्हती.

त्यांनी एकशे अठ्ठेचाळीस पुसला. बासष्ट भरला.

खोली एकदम रुंद झाली. ॲक्सिलेटरवर त्यांनी अंगठ्याएवढा जोर दिला आणि गाडी बैलगाडीच्या चालीने निघाली. झाडं मागं जात होती, झाडाएवढी. वळण आलं. निशाणवाला आला, समोरून उजव्या पडद्यावर सरकला. अप्पांनी ब्रेक दाबला. तो अगदी शेजारी होता. त्यांनी जमेल तेवढी मान वळवून बघितलं.

तो माणूस होता. साधा, सरळ, हात लांबवला तर खांद्याला लागेल असा. कुठंही फुगलेला नव्हता, कधीच नव्हता. पडद्यावर तो रुंद काढलेला होता तो याच जागेवरून नीट दिसावा म्हणून. चाळीस वर्षं त्यांनी दुसरं काय केलं होतं? आणि पोर म्हणत होती, दोन मिनिटं हितं बसून बघा की.

गिरणीतून आल्यावर अव्वाने त्यांना सीटमध्ये बसलेलं बघून पिठाचा डबा खालीच ठेवला. "अगं बाई! पडला असता म्हंजे? काय डोकंबिकं फिरलंय का?"

"तिचा फोन आला की मला दे."

अव्वाने त्यांच्याकडं बघितलं आणि फोन आणून त्यांच्या हातात ठेवला. दोन वर्षांत त्यांनी फोन मागितला नव्हता.

दीड वाजता फोन वाजला.

"अव्वा, जेवलीस का?"

"मी हाय."

पलीकडं बँकेचा आवाज होता, नंबर पुकारणारा भोंगा. "अप्पा? बरं आहे ना सगळं?"

"भार्गू, त्या दिवशी तो आकडा मीच बदलला होता."

"मला माहीत आहे."

अप्पांचा हात स्टिअरिंगवर होता, तो तिथंच राहिला.

"त्याच दिवशी कळलं होतं," भार्गवी म्हणाली. तिचा आवाज काउंटरवरचा होता, सरळ. "आपोआप बदललं तर मूळ आकडा येतो. एकशे अठ्ठेचाळीस कुठून येईल? घरात तुम्हीच होता."

"मग बोलली का न्हाईस?"

"विचारलं होतं की. तुम्ही नाही म्हणालात." मग ती म्हणाली, "मला जाऊ द्यायचं नव्हतं, तर तोंडावर सांगायचं अप्पा. मी भांडले असते, रडले असते, दोन दिवस जेवले नसते. पण तुम्ही मी घरात नसताना..."

तेव्हा अप्पांना कळलं, की दोन वर्षं पोर काय उराशी घेऊन बसली होती. ती हरली म्हणून गेली नव्हती. बापाने ठरवून पाडलं, असं धरून ती गेली होती, आणि तरी दर खेपेला औषधाचं विचारत होती.

"तसं न्हाय पोरी," ते म्हणाले. "आईच्यान तसं न्हाय. तो निशाणवाला... तो फुगायचा. तुला असलं चित्र घेऊन बसायला लागू नये म्हणून... मी टेप घेऊन मोजलं. उशीपासून पडद्यापर्यंत. दोनदा मोजलं."

पलीकडं कुणीतरी पासबुक मागत होतं. भार्गवी त्याला "एक मिनिट हं काका" म्हणाली.

"अव्वाला द्या फोन."

अव्वाने पिठाचे हात पदराला पुसून फोन घेतला. "काय गं? ...आत्ता? ...बरं, बरं." तिने खणातून टेप काढली आणि नवऱ्याकडं न बघता एक टोक उशीवर ठेवलं. "धरा की जरा पुढनं." अप्पांनी सीटमधूनच टेपचं दुसरं टोक पकडून मधल्या पडद्याला लावलं. अव्वाने चष्मा वर करून वाचलं.

"एकशे अठ्ठेचाळीस भरतंय. का गं? ...हॅलो? भार्गू?" तिने फोन कानापासून लांब धरून बघितला. "चालू तर हाय. बोलंना का?"

मग तिने फोन पुन्हा कानाला लावला, आणि पलीकडचा हुंदका तिला ऐकू आला.

शनिवारी संध्याकाळच्या करमाळा गाडीने भार्गवी आली. पिशवी ठेवली, पाय धुतले. अप्पांनी तिला सांगितलं, बासष्ट भरून ठेवलंय, एकदा चालव. ती नको म्हणाली. तिला आता तेविसावं लागलं होतं, आणि चालवून कुठं पोचायचं नव्हतं. "तुम्ही बसा," ती म्हणाली. तिने त्यांना काखेत धरून सीटमध्ये उतरवलं, पाठीमागं एक चादर घडी करून घातली. तीच, काठाला हत्ती असलेली.

आणि ती स्वतः खाटेवर जाऊन त्यांच्या उशीवर डोकं ठेवून आडवी झाली.

अप्पांनी गाडी सावकाश नेली. झाडं गेली. वळण आलं. पिवळ्या डगल्यातला माणूस उजव्या पडद्यावर आला, तेव्हा त्यांनी ब्रेक दाबला. त्यांच्या सीटवरून तो सरळ उभा होता.

मागून भार्गवीचा आवाज आला. "फुगलाय की हो, अप्पा. लईच फुगलाय."

त्यांना वळून तिच्याकडं बघायचं होतं. मान वळली नाही. समोर रस्ता होता तो बघत ते बसून राहिले.

"उद्या भीमाशंकर किती वाजता येणार?" तिने विचारलं.

"धाला."

"बरं," ती म्हणाली. आणि ती उठली नाही, म्हणून अप्पांनीही गाडी पुढं नेली नाही.